वणवा विझल्यावर रस्त्यावर मरणारे वन्यप्राणी : कारणे व उपाय

शिमगा सरला की आपल्या घाटमाथ्यावरचे गवत वाळून कडकडीत होते आणि फेब्रुवारीपासून वळवाचा पाऊस पडेपर्यंत कोठे ना कोठे डोंगर पेटलेला दिसतो. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात व आसपासच्या डोंगरांवर जागोजागी आगी लागल्या. त्या विझविण्यासाठी नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. म्हादईचे रान आणि आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान एकमेकांना लागून आहे. माणसाने आखलेली राज्याची सीमा आगीला ठाऊक नसते, आणि रानातील जनावरांनाही ठाऊक नसते.

वणवा लागला की सर्वांचे लक्ष ज्वाळांकडे जाते. आग विझली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. पण वन्यप्राण्यांच्या दृष्टीने संकटाचा दुसरा भाग तेव्हाच सुरू होतो. जे आगीतून वाचले त्यांतील कितीतरी पुढील काही आठवड्यांत रस्त्यावर गाडीखाली मरतात. बेळगाव–जांबोटी–कणकुंबी–चोर्ला हा रस्ता घ्या, खानापूर–लोंढा–अनमोड घ्या किंवा हेम्माडग्याचा रस्ता घ्या. हे सारे रस्ते रानाच्या पोटातून जातात. त्यांवरून रात्री-अपरात्री जाणारे आपणच आहोत. म्हणून या महिन्याच्या शेती व आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

आग विझल्यावर जनावरे रस्त्यावर का येतात?

याची कारणे एक एक करून पाहू, म्हणजे उपाय आपोआप लक्षात येतील.

पहिले कारण म्हणजे आडोसा नाहीसा होतो. सांबर, भेकर, पिसोरी, ससा, साळिंदर ही जनावरे झुडपांच्या आडून फिरतात. झुडपे जळून गेल्यावर लपायला जागा उरत नाही, आणि जिकडे हिरवे शिल्लक आहे तिकडे त्यांना जावेच लागते. आता डांबरी रस्ता हा पुष्कळदा आगीला आडवा येतो. आग रस्त्याच्या एका अंगाला थांबते आणि दुसऱ्या अंगाचे रान वाचते. म्हणजे जळालेले एका बाजूला, हिरवे दुसऱ्या बाजूला, आणि मधे रस्ता. जगायचे असेल तर जनावराला तो ओलांडावाच लागतो, आणि तोही एकदा नव्हे, तर रोज.

दुसरे कारण पाणी. वणव्याचा काळ हाच ओढे आटण्याचा काळ. धुराने घसा कोरडा पडलेले, उन्हाने त्रासलेले जनावर पाण्यासाठी लांब लांब भटकते. नेहमीच्या वाटा जळून ओळखू येईनाशा होतात. अनोळखी मुलखात शिरलेल्या जनावराला कोठे वळण आहे आणि कोठून गाडी येते याचा अंदाज नसतो.

तिसरे कारण खाद्य. जळालेल्या जमिनीतून थोडी ओल मिळताच कोवळे गवत फुटते. रस्त्याच्या कडेच्या चरात ओल अधिक टिकते, म्हणून तेथे हिरवळ लवकर दिसते. गवे व भेकरे तेथे चरायला येतात. आगीत मेलेले किडे, सरडे, उंदीर खायला घारी, कोल्हे, मुंगसे येतात. त्यांतून गाडीखाली एखादा ससा मेला की त्याला खायला कोल्हा येतो आणि तोही तेथेच मरतो. एका मरणातून दुसरे मरण निघते ते असे.

चौथे कारण अंगातील बळ. पायाचे तळवे भाजलेले, डोळ्यांत धूर गेलेले जनावर नेहमीच्या चपळाईने पळू शकत नाही. आपण म्हणतो, “हॉर्न वाजवला तरी हलले नाही.” हलण्याचे त्राण नव्हते, असेही असू शकते.

शिवाय सापांची व घोरपडीची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेले राहते, म्हणून साप त्यावर येऊन पडतात. रातवा पक्षीही संध्याकाळी रस्त्यावर बसतो. दिव्याच्या झोतात तो उडण्याऐवजी जागीच दबून बसतो आणि चिरडला जातो.

धोका किती दिवस टिकतो?

पहिले दोन-तीन दिवस पळापळीचे असतात. या दिवसांत दिवसाउजेडीही जनावरे रस्त्यावर येतात, आणि त्यातच धुरामुळे वाहन हाकणाऱ्याला पुढचे नीट दिसत नाही. त्यानंतर पाऊस पडेपर्यंतचा काळ पाण्याच्या व आडोशाच्या शोधाचा. या काळात सूर्यास्तानंतरचे आणि पहाटेचे दोन-दोन तास अधिक वाईट. शेवटी वळीव पडला की कोवळ्या गवताला चरणारी जनावरे येतात, आणि पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक, खेकडे शेकड्यांनी रस्ता ओलांडतात. तेव्हा ‘आग विझली, संपले’ असे नसून, आग विझल्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत सावध राहावयाचे आहे.

वेगाचे साधे गणित

सर्व उपायांत पहिला आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे वेग कमी करणे. हे उपदेश म्हणून नव्हे, तर हिशेब म्हणून सांगतो.

समोर जनावर दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी पुढे गेलेलीच असते. मग ब्रेक लागून ती थांबायला आणखी अंतर लागते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ही दोन्ही अंतरे मिळून अंदाजे अशी होतात : ताशी ४० किलोमीटर वेगाला २७ मीटर, ६० ला ४८ मीटर आणि ८० ला ७४ मीटर. रस्त्यावर राख, वाळू किंवा पाला असेल तर याहूनही अधिक.

आता दिव्यांचे पाहा. मंद झोतात काळसर अंगाचा गवा किंवा रानडुक्कर ३० ते ४० मीटरवर आल्यावरच ओळखू येते. म्हणजे ताशी ४० ने जाणारा थांबू शकतो. ६० ने जाणारा थांबू शकत नाही, मग तो कितीही कसलेला चालक असो.

आणि वेळ किती वाचतो? जळालेल्या रानातून जाणारा रस्ता १५ किलोमीटरचा धरला, तर ६० ने जाण्याऐवजी ४० ने गेल्यास साडेसात मिनिटे जास्त लागतात. पूर्ण वाढलेला गवा ७०० ते १,००० किलो वजनाचा असतो. त्याला मोटारसायकल धडकली तर गव्याचे काय होईल ते होवो, मोटारसायकलवरचा मुलगा घरी येत नाही. तेव्हा ही साडेसात मिनिटे आपण जनावराला देत नाही, आपल्याच घरच्यांना देतो.

वाहन हाकणाऱ्यांनी पाळावयाच्या गोष्टी

१. जळालेल्या रानातून जाताना वेग ४० च्या आत ठेवावा. वळणावर त्याहूनही कमी.

२. शक्य तर रात्रीचा प्रवास टाळावा. ईस्टरच्या जागरणाच्या मिस्सेसाठी दूरच्या वाड्यांवरून येणाऱ्यांनी स्वतंत्र दुचाक्यांऐवजी एकत्र एखादी जीप किंवा टेम्पो करावा. एक गाडी सावकाश गेली की धोका पुष्कळ कमी होतो. लग्नाच्या वऱ्हाडांनाही हेच लागू आहे.

३. जनावर दिसताच प्रखर झोत मंद करावा. प्रखर उजेडाने त्याचे डोळे दिपतात आणि ते जागीच उभे राहते. थांबून त्याला जाऊ द्यावे. एक गेले की लगेच गाडी हाकू नये. मागे पिल्लू किंवा कळप असतो.

४. जनावर चुकविण्यासाठी एकदम सुकाणू वळवू नये. गाडी दरीत किंवा झाडावर जाते. सरळ रेषेत ब्रेक लावावा.

५. खरकटे, फळांच्या साली, चिप्सच्या पिशव्या रस्त्यावर टाकू नयेत. वानरांना खाऊ घालणे हा दयाभाव नव्हे. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावरच बसू लागतात आणि तेथेच मरतात.

६. विडी-सिगारेटचे थोटूक खिडकीतून फेकू नये. पुष्कळदा वणव्याची सुरुवात रस्त्याच्या कडेलाच होते.

गावाने करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, आग लागूच न देणे. काजूच्या बागेतील पालापाचोळा पेटवून जमीन साफ करण्याची सवय सोडावी. तो पाला गोळा करून झाडाच्या बुंध्यापासून थोडे अंतर ठेवून पसरला, तर ओल टिकते आणि पावसात त्याचे खत होते. भाताच्या तरव्यासाठी भाजावळ करणाऱ्यांनी वारा पडल्यावर, सोबत चार माणसे व पाणी ठेवून, भोवती हात-दोन हात जमीन खरवडून मगच काडी लावावी. वनखाते जाळरेषा काढते त्या कामाला गावकऱ्यांनी साथ द्यावी. ते काम जानेवारीतच उरकले पाहिजे.

दुसरी, रस्त्याच्या कडेचे वाळके गवत कापून उचलणे. कडेची दोन-तीन मीटरची पट्टी मोकळी असली की चालकाला जनावर आधी दिसते, आणि फेकलेल्या थोटकाने आगही लागत नाही. मात्र हे गवत तेथेच पेटवू नये, गोठ्यात न्यावे. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतात त्या विनाकारण तोडू नयेत. वानरे आणि शेकरू त्यांवरून वरच्या वर पलीकडे जातात. फांदी तुटली की त्यांना खाली उतरावे लागते.

तिसरी, मोऱ्या साफ करणे. रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी ज्या मोऱ्या असतात, त्यांतून उन्हाळ्यात उदमांजर, साळिंदर, घोरपड, मुंगूस, कासव ही लहान जनावरे सुखरूप पलीकडे जाऊ शकतात. पण आपल्या मोऱ्या माती, बाटल्या व प्लास्टिकने बुजलेल्या असतात. त्या साफ केल्या तर पावसाळ्यात रस्ताही वाहून जात नाही. एका कामात दोन कामे होतात.

हा उपाय किरकोळ समजू नये. महाराष्ट्रात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाखाली जनावरांसाठी ९ मार्ग ठेवले आहेत. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावून पाहणी केली. दहा महिन्यांत १८ जातींचे प्राणी पाच हजारांहून अधिक वेळा त्यांखालून जाताना टिपले गेले, आणि त्यांत ११ वाघही होते. जनावराला सुरक्षित वाट मिळाली तर ते ती घेते, हे यावरून सिद्ध होते. आपल्या पंचायतीला एवढी मोठी बांधकामे करता येणार नाहीत. पण असलेल्या मोऱ्या मोकळ्या ठेवणे आपल्या हातात आहे.

चौथी, पाणवठे. जळालेल्या रानात पाणी ठेवावयाचे तर वनखात्याला विचारूनच ठेवावे, आणि ते रस्त्यापासून चांगले आत असावे. हौसेने रस्त्याच्या कडेला टाकी ठेवली तर आपणच जनावरांना गाडीखाली बोलावतो. शक्य तेथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी असावे, म्हणजे रस्ता ओलांडण्याची गरजच पडत नाही.

पाचवी, तात्पुरत्या पाट्या. “पुढे ३ किलोमीटर रान जळाले आहे, जनावरे रस्त्यावर येतात, सावकाश जा” अशी पाटी आग लागल्यावर लगेच लावावी आणि पाऊस स्थिरावल्यावर काढावी. कायमची पाटी चार दिवसांनी कोणी वाचत नाही. पाटी व गतिरोधक कोठे असावेत याविषयी पंचायतीने ठराव करून वनखात्याकडे व सार्वजनिक बांधकाम खात्याकडे पाठवावा. आपल्या मनाने रस्त्यावर दगड किंवा लाकडे टाकू नयेत; त्याने माणसे मरतात.

रात्री रस्ता बंद ठेवणे हाही एक उपाय आहे. कर्नाटकात बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ मध्ये रात्री ९ ते सकाळी ६ वाहनबंदी घालण्यात आली आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वत्र असे करता येईलच असे नाही. बाळंतीण आणि आजारी माणूस यांना रस्ता हवाच. पण आग लागून गेल्यावर काही आठवडे अवजड वाहने रात्री दुसऱ्या मार्गाने वळवावीत, अशी मागणी गावाने करणे मुळीच गैर नाही.

जखमी किंवा मेलेले जनावर दिसल्यास

गाडी कडेला घेऊन इशाऱ्याचे दिवे लावावेत. गवा, रानडुक्कर, अस्वल किंवा बिबट्या यांच्या जवळ जाऊ नये. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयास कळवावे. तो क्रमांक ठाऊक नसेल तर ११२ वर फोन करावा. लहान प्राणी असेल आणि रस्त्यातून हलविणे भागच असेल, तर जाड गोणपाट टाकून त्याला उचलावे आणि भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, दूध पाजू नये, भोवती गर्दी करू नये.

मेलेल्या जनावराचे मांस घरी नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. खवले मांजराचे खवले किंवा साळिंदराचे काटे उचलणे हाही गुन्हाच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी अशा मांसापासून रोगाचे भय असते.

आरोग्याच्या दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, माकडताप. हा रोग १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळला. म्हणजे तो आपल्या अवतीभोवती आहे. रानातील बारीक गोचिडांच्या चाव्याने तो माणसाला होतो, आणि मेलेल्या वानराच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपास पसरतात. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका वणव्याचाच काळ. म्हणून रस्त्यावर किंवा रानात वानर मेलेले दिसले, तर ते गाडीखाली मेले असे वाटले तरी, त्याला हात न लावता वनखात्याला व प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. काजू वेचायला जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी व कपडे गरम पाण्यात धुवावेत. रानात जाऊन आल्यावर आठवडाभरात एकाएकी सणकून ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली तर घरगुती औषधांत वेळ न घालविता दवाखान्यात जावे, आणि आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरी, पिसाळ रोग. जखमी कोल्हा, उदमांजर, मुंगूस किंवा वानर चावले अथवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. हळद, चुना किंवा तिखट भरू नये.

शेतकऱ्याचा प्रश्न

हे वाचून काही शेतकरी म्हणतील, “फादर, रानडुकरे आमचे रताळे उकरतात, गवे उसात आणि भातात शिरतात. एखादे गाडीखाली मेले तर बिघडले कुठे?” हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. वर्षभराची मेहनत एका रात्रीत गेलेल्या माणसाचे दुःख खरे आहे. त्याने पंचनामा करून घेऊन वनखात्याकडे भरपाईचा अर्ज जरूर करावा. अर्ज लिहून हवा असेल तर चर्चच्या कार्यालयात यावे.

पण दोन गोष्टींचा विचार व्हावा. एक, रान जळाले की जनावरे शेतात अधिक येतात, कमी नाही. ज्या हाताने डोंगराला काडी लावली त्याच हाताने गव्याला उसात बोलावले, असाच त्याचा अर्थ होतो. दोन, रस्त्यावर केवळ डुकरे मरत नाहीत. धामण मरते, घुबड मरते, आणि भाताच्या कणगीवर उंदीर चढतात. वाळवी व मुंग्या खाणारे खवले मांजर मरते. फळे खाऊन रानभर बिया पसरविणारे उदमांजर मरते. ज्यांनी आपले नुकसान कधी केले नाही, उलट बिनपगारी राखण केली, तेच अधिक मरतात, कारण ते लहान असतात आणि गाडीतून दिसत नाहीत.

पवित्र शास्त्रात नोहाने तारवात केवळ उपयोगी जनावरे घेतली नव्हती. एक चिमणीही देवाच्या विस्मरणात जात नाही, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रातून सृष्टी हे आपणा सर्वांचे सामाईक घर असल्याची आठवण करून दिली. वणव्याचे दिवस बहुधा प्रायश्चित्तकाळातच येतात. या काळात आपण मांस वर्ज्य करतो, ते चांगलेच आहे. त्याच्या जोडीला वेगाचाही थोडा उपवास करता येईल.

या वर्षासाठी आम्ही तीन कामे सुचवितो. झावळ्यांच्या रविवारापूर्वी युवक मंडळाने आपल्या हद्दीतील मोऱ्या मोजून साफ कराव्यात. वनखात्याच्या कार्यालयाचा व प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन क्रमांक चर्चच्या फलकावर व प्रत्येक वाडीच्या क्रुसाजवळ ठळक अक्षरांत लावावा. आणि ज्यांच्या घरी जीप, टेम्पो किंवा दुचाकी आहे त्यांनी पाऊस स्थिरावेपर्यंत रानातून ४० च्या वर जावयाचे नाही असे घरात सर्वांसमक्ष ठरवावे. मुलांसमोर दिलेला शब्द मोडणे कठीण जाते.